आधी घटाला, मग झेंडूला

एरवी सकाळी आमच्या कॉलनीमागच्या कर्दळीच्या वाफ्याशी गेलं की ओल्या खडीचा, कुजत्या पानांचा आणि मुळांशी मुरलेल्या मातीचा एक थंड, गडद वास येतो. नदीकाठच्या दाट सावलीत येतो तसा. भाद्रपद सरत आला होता, त्या सकाळी मात्र मी फाटक उघडलं आणि जागच्या जागी थबकले. वास साबणाचा होता, फिनेलचा होता, आणि त्याखाली नाकात झोंबणारा आम्लाचा होता. सांडपाणी जिथं प्रथम येऊन स्थिरावतं त्या टाकीवर पांढराशुभ्र फेस दाटला होता आणि कोवळ्या उन्हात त्याच्या बुडबुड्यांवर रंग सरकत होते. दिसायला तो सुंदर होता, हे नाकारत नाही. पण माझ्या वाफ्यावर तो आजवर कधी आला नव्हता.

मी पाण्याची इंजिनिअर आहे. लोकांनी वापरून टाकलेल्या पाण्यामागे हिंडण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि लग्नकार्यात कुणी ‘तुम्ही काय करता’ असं विचारलं की समोरच्याच्या तोंडातला घास खाली जाईपर्यंत थांबून उत्तर द्यायची मला सवय आहे. इंदिरानगरातल्या आमच्या कॉलनीत मोऱ्यांचं आणि संडासांचं पाणी शुद्ध करायची वेळ आली तेव्हा रात्रंदिवस हवा फुंकणारी यंत्रं बसवा, असाच सगळ्यांचा आग्रह होता. हिवाळ्याच्या सकाळी एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांवरून आडवा पसरत जाणारा धूर ज्यानं पाहिला आहे, त्या प्रत्येकालाच विजेचं बटण दाबताना त्या धुराची आठवण होत नसेल, पण मला होते. म्हणून मी भांडून उतारावरचा तो लांबट वाफा करून घेतला: खाली खडी, वर वाळू, त्यात कर्दळ आणि पाणकणीस. पाणी आपल्या वजनानं वाहत जातं, मुळांशी राहणारे डोळ्यांना न दिसणारे जीव त्यातली घाण खातात, आणि पलीकडच्या हौदात निवळ पाणी उतरतं. तिथं एक छोटा पंप आहे, तो उन्हावर चालतो. धूर नाही आणि घरघरही नाही. त्या वाफ्याचा मला गर्व होता, आणि तो मी फारसा लपवतही नसे.

हौदातून एक पाइप पाथर्डीच्या बाजूला, माझ्या नणंदेच्या वावरापर्यंत टाकून ठेवला होता. मंदाताई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. तिच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या फुलं. शेवंती, गुलाब, आणि दसऱ्याला झेंडू. पंचवटीतल्या फूलबाजारात तिची टोपली उतरली की गिऱ्हाईक टोपलीवरचं ओलं फडकं उचलायच्या आधीच भाव विचारतं, इतकी तिच्या फुलांची पत. पण आमच्यासारख्या कॉलन्या तिच्या वावराभोवती उभ्या राहिल्या, आम्ही बोअर खोल खोल नेल्या आणि तिची विहीर आटत गेली. तिचंच पाणी आम्ही प्यायलो, तेव्हा वापरून झाल्यावर निदान तिला परत तरी द्यावं, एवढा साधा हिशेब माझ्या मनात होता. ताईनं तो पाइप आला त्या दिवशीच त्याच्या तोंडाला फडकं बांधलं.

“माझी फुलं देवाच्या अंगावर पडत्यात,” ती म्हणाली होती. “संडासाचं पाणी मी त्यांच्या मुळाला घालू व्हय?”

मी तिला अहवाल दाखवले, काचेच्या पेल्यात पाणी उजेडाकडे धरून दाखवलं. नाल्यातून डिझेल इंजिनानं पाणी ओढून किती जण मळे पिकवतात आणि तीच फुलं त्याच बाजारात येतात, हेही ऐकवलं. त्यावर तिचं उत्तर तयार होतं. “त्ये न सांगता घेत्यात. तू सांगून देतीयास, म्हणून मला इचार करावा लागतो.” फडकं तसंच राहिलं.

यंदा पितृपक्षात पावसानं पाठ फिरवली. ऊन असं तापलं की झेंडूची पानं दुपारी माना टाकत आणि संध्याकाळी मोठ्या कष्टानं वर येत. झाडं नेमकी कळीवर होती. विहिरीत निम्म्या वावराला जेमतेम पुरेल एवढंच पाणी होतं. कळी या दिवसांत सुकली तर दसऱ्याला टोपलीत काय घालायचं? दाजी, म्हणजे ताईचे यजमान, शेजाऱ्याकडून डिझेल इंजिन आणायला निघाले तेव्हा ताईनं त्यांना दारातच अडवलं आणि मला फोन केला. नाल्याचं पाणी तिला नको होतं. माझं घ्यायला ती तयार झाली, पण स्वतःच्या अटीवर. नवरात्रात तिच्या देवघरात घट बसतो: परडीत वावरातली काळी माती, तिच्यात पेरलेलं धान्य, आणि मधोमध मातीचा घट. घटातलं पाणी झिरपतं, त्याच ओलीवर धान उगवतं. यंदा त्या घटात ती माझ्या हौदातलं पाणी भरणार होती.

“आधी घटाला, मग झेंडूला. धान आलं तर फडकं सोडीन. नाय आलं, तर पुन्हा त्या पाइपाचं नाव काढू नको.”

आयुष्यात माझ्या कामाची अनेकांनी तपासणी केली. इतकी धास्ती मला कुणाचीच वाटली नव्हती.

आणि आता हा फेस! कारण शोधायला लांब जावं लागलंच नाही. मान वर केली तर प्रत्येक गच्चीवर गोधड्या, चादरी, पडदे ओळीनं वाळत होते. घटस्थापनेच्या आधी आपल्याकडे घर धुऊन काढतात. अंथरूण-पांघरूण बादल्यांत भिजतं, मोऱ्या आम्लानं घासल्या जातात, फरशीवर फिनेल ओतलं जातं, आणि देवी यायच्या आत घराचा कोपरान्‌कोपरा लखलखतो. सगळ्या घरांनी एकाच आठवड्यात, अत्यंत श्रद्धेनं, माझ्या वाफ्यातले ते अदृश्य जीव अर्धमेले करून टाकले होते. मी गोधड्यांकडे बघत उभी राहिले. त्यांत आमचीही होती. पिवळ्या काठाची, माझ्या हातानं पिळलेली.

घटस्थापनेच्या सकाळी ताई आली. नेसूचं लुगडं धुवट, हातात घासलेली तांब्याची कळशी. हौदाचं पाणी वरवर निवळ दिसत होतं, पण त्याला साबणाचा पुसट वास होता आणि नव्या तपासणीचा अहवाल अजून आलेला नव्हता. गप्प राहिले असते तर तिला काही कळलं नसतं.

“ताई, आजचं पाणी घेऊ नका,” मी म्हणाले. “घरोघरी नवरात्राची धुणी झालीत. साबण आलाय, ॲसिड आलंय. दोन-चार दिवसांनी वाफा सावरेल, मग चांगलं पाणी देते.”

तिनं हौदात वाकून पाहिलं. मग हसली, पण ते हसू काही मला धीर देणारं नव्हतं.

“म्हंजी देवीसाठी धुतलं, आन् देवीचंच पाणी नासलं?”

“तसंच म्हणायचं.”

“घट आज बसतो, सुनीता. देवी काय तुझ्या वाफ्यासाठी थांबायची नाय.” तिनं कळशी पुढे केली. “हाय तेच दे. निवडून दिल्यालं पाणी घटाला, आन् झेंडूला रोजचं? त्ये मला नाय जमायचं. रोज मिळणार हाय तेच बघू दे तिला.”

मी कळशी भरली. ती घेऊन ताई फाटकाकडे वळली.

त्या दुपारी मी सोसायटीच्या ग्रुपवर चारच ओळी लिहिल्या. आपल्या मोऱ्यांचं पाणी शुद्ध होऊन यंदा एका घरच्या घटात गेलं आहे, तेव्हा मोरीत काय ओतायचं ते विचार करून ओतावं, इतकंच. संध्याकाळपर्यंत माझ्या दारात माणसं. कुणी म्हणालं, ही विटंबना आहे. खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकू, ज्यांच्या घरात सोवळ्याचं कडक पथ्य आहे, त्या तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, “अगं, आमचं खरकटं त्या जगदंबेच्या घटात! हे पाप कुणाच्या माथी?” पण दुसऱ्या दिवशी जिन्यात त्या पुन्हा भेटल्या आणि हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, “रिठ्यानं भांडी घासली तर चालतील ना ग?” “चालतील की,” मी म्हणाले.

फेस हळूहळू ओसरला. कर्दळीची पानं कडेनं करपली होती, तरी मधला कोंब हिरवा होता. मी रोज संध्याकाळी हौदातलं पाणी ताईकडे पोहोचवत असे आणि ती ते परडीवर शिंपडत असे. घटावर रोज एक माळ चढते. पहिली, दुसरी, तिसरी चढली. देवघरात अखंड दिव्याचा तेलकट उजेड, झेंडूचा तुरट वास, आणि परडीतली माती काळीभोर, स्वस्थ. काहीही नाही. पुस्तकी ज्ञान सांगत होतं की एवढ्याशा साबणानं धान्य मरत नाही. पण परडीसमोर बसलं की ते ज्ञान घरी विसरल्यासारखं वाटे. बाहेर वावरात झेंडू माना टाकून उभा असे. दाजी ओट्यावर बसून एकदा त्या झाडांकडे, एकदा देवघराच्या दाराकडे बघत, आणि माझ्याकडे बघणं टाळत. चौथ्या माळेच्या दिवशी ते न राहवून म्हणाले, “मंदे, कळी वाळली मंग धान घिऊन काय करायचं?” ताईनं नीट जळणारी वात उगाच पुढे सरकवली. ती किती घाबरली आहे हे मला तेव्हा कळलं. नुसती फुलंच नव्हे, तर तिनं आपल्या देवीशी असलेलं नातंच त्या मातीत पेरलं होतं, आणि तेही माझ्या भरवशावर. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पाचव्या माळेला तिनं मला आत बोलावलं. परडीच्या डाव्या अंगाला गव्हाचे, ज्वारीचे फिकट कोंब वर आले होते, एकमेकांना टेकून, नाजूक आणि दाट. उजव्या अंगाला माती तशीच काळी, मिटलेली. त्या बाजूनं घट जास्त झिरपला होता की तिकडचं बीच जुनं होतं, हे मी सांगू शकले नाही. आणि पहिल्या दिवशीचं ते पाणी तिथं मुरलं होतं का, हेही नाही. ताईनं उजवीकडच्या मातीवरून हलकंच बोट फिरवलं.

“निम्मं दिलं,” ती शेवटी म्हणाली. “मंग निम्मं वावर तुझ्या पाण्यावर, निम्मं विहिरीवर. दोन्हींना जमंल तेवढं.”

ती उठली, बांधावर गेली आणि पाइपाच्या तोंडचं फडकं तिनं स्वतःच्या हातानं सोडलं. उन्हानं पंप चालला. पाणी सरीत उतरलं तेव्हा तापलेल्या मातीतून वाफ निघाली, आणि दाजी अनवाणीच पाण्यापुढे धावत वाट करून देऊ लागले. मी बांधावर बसून रडले. कुणी विचारलं नाही, ते बरं झालं.

दसऱ्याला झेंडू आला. दोन्ही पाण्यांवरचा एकाच ढिगात ओतला तेव्हा कुठला कुठला ते तिलाही ओळखता येईना. बाजारातून परतताना ती तशीच आमच्या कॉलनीत आली आणि दारोदार फुलं आणि घटातलं धान वाटत सुटली. “तुमच्याच पाण्याचं हाय,” असं प्रत्येक दारात सांगत होती. कुलकर्णीकाकू क्षणभर मागे सरल्या, मग त्यांनी पदर पुढे करून धान घेतलं आणि डोक्याला लावलं. शेवटी ती माझ्याकडे आली. तिनं माझ्या केसांत दोन कोंब खोवले आणि हातात कागदाची एक पुडी दिली. आत माती होती.

“धान सगळ्यांना वाटलं. ही न उगवल्याली बाजू तुला,” ती म्हणाली. “ह्यातलं बी मेलं का निजलंय, मला ठाव नाय. तुझ्या कर्दळीत टाक.”

मी ती माती वाफ्याच्या सुरुवातीला, पाणी प्रथम आत येतं तिथल्या कर्दळीच्या बुडाशी टाकली. आता दिवाळीची आवराआवर सुरू झाली आहे. वरच्या मजल्यांवर बादल्या सरकतात, झाडू फिरतात, आणि भिंतीतल्या पाइपातून कुणाचं तरी पाणी खळखळत खाली उतरतं. पूर्वी हा आवाज माझ्या कानांवर पडत असे. आता मी हातातलं काम थांबवून तो ऐकते. माझ्या मोरीपाशीही परवा आम्लाची बाटली उघडली आणि न ओतताच बूच लावून परत ठेवली. टेबलावर नवा अहवाल आहे, आकडे चांगले आहेत. तरी रोज सकाळी चहाच्या आधी मी वाफ्याशी जाते, आधी टाकीवर फेस आहे का बघते आणि मग कर्दळीपाशी वाकते. काल त्या मातीला केसाएवढी भेग पडली होती. ती आतून कोंबानं पाडली की नुसत्या उन्हानं, हे मला सांगता येत नाही. मी त्याच हौदातलं ओंजळभर पाणी आणलं आणि तिच्यावर घातलं.