मास्क काढल्यावर काय झालं?

"ती मुलगी घाबरली, त्यात माझा काय दोष?" योगेशने चहाचा कप टीपॉयवर आदळला. "पाण्याखाली माणूस घाबरतोच, दाजी. तुम्हीच शिकवलंत."

"घाबरल्यावर काय करायचं, तेही शिकवलं होतं," संभाजी म्हणाला. "तिला ते कुणी शिकवलं?"

"बाबा, आवाज कमी." पूर्वाने लॅपटॉपवरची मान वर केली नाही. "समोरच्या काकू आपल्या गॅलरीतल्या सुटांवरून आधीच तक्रार करतायत. म्हणे, माणसं टांगल्यासारखी दिसतात. आता भांडणाची भर नको."

नंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सकाळपासून तिला एका जागी बसवत नव्हतं. कोथिंबीर निवडायला घेतली, तशीच ठेवली. गॅलरीत जाऊन पाण्यात घालायचे ते रबरी सूट उलटे करून आली. पुन्हा गेली, पुन्हा सुलटे केले. धाकटा भाऊ योगेश मालवणहून येऊन थडकला होता आणि त्याच्याआधी बातमी येऊन बसली होती. लोणी काळभोरच्या कॉलेजात शिकणारी वल्लरी नावाची मुलगी मालवणच्या समुद्रात खोल असताना तिच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. तिने श्वास कोंडून धरला आणि थेट वर झेप घेतली. कोंडलेली हवा वर येताना फुगली आणि फुफ्फुसाला इजा झाली. जीव वाचला, आता घरी आली होती. तिच्याकडे कार्ड होतं ते 'ठाव'चं, म्हणजे ह्याच घरातून गेलेलं. तिला पास केलं होतं योगेशने.

'ठाव' ही पाणबुड्यांना शिकवून प्रमाणपत्र देणारी संस्था. विश्रांतवाडीच्या ह्याच घरात सुरू झाली. संभाजी लष्करात पाणबुड्या होता. खडकीहून निवृत्त झाला तेव्हा सगळे म्हणाले, सिक्युरिटी एजन्सी काढ. त्याने ही काढली. तेव्हा स्कूबा म्हणजे परदेशी संस्थेचं कार्ड आणि जाडजूड इंग्रजी पुस्तक. किनाऱ्यावरची पोरं पाण्यात तरबेज, पण पुस्तकापाशी अडायची. संभाजीने मराठीतून शिकवायला घेतलं. पोहण्याचा तलाव भाड्याने मिळायचा तो पहाटेचा, थंडीने दात वाजायचे. पहिल्या तुकडीत त्याचे लष्करातले मित्र होते. त्याने झाडून सगळ्यांना पास केलं.

"तो संपत नाकातोंडात पाणी जाऊन अर्धमेला बाहेर आला, त्यालाही कार्ड?" नंदाने विचारलं होतं.

"मित्र आहे गं."

"म्हणूनच विचारतेय."

तिथून प्रथा पडली. कार्ड टपालात टाकायच्या आधी नंदा विद्यार्थ्याला स्वतः फोन करायची आणि एवढंच विचारायची, "पाण्याखाली मास्क काढल्यावर काय झालं?" तिला स्वतःला पोहता येत नव्हतं, पाण्याची भीतीच होती. पण भ्यालेल्या माणसाचा आवाज तिला कळायचा. ज्याने तळाशी गुडघ्यावर बसून खरोखर मास्क काढलेला असे, तो भडाभडा बोलायचा. नाक झणझणलं, डोळे उघडवेनात, आई आठवली, मग नाकातून जोरात हवा सोडली आणि मास्कमधलं पाणी गेलं. ज्याने काढलेला नसे, तो म्हणायचा, "छान झालं, मॅडम." असा 'छान'वाला परत तलावात जायचा. शिक्षक चिडायचे, म्हणायचे, बाईंना पाण्यातलं काय कळतं? पण 'ठाव'च्या कार्डाला किनाऱ्यावर भाव आला तो ह्याच फोनमुळे. मालवण झालं, गोवा झालं, कारवार झालं, अंदमानातही केंद्र निघालं. पूर्वाने कारभार कॉम्प्युटरवर नेला. पुढच्या महिन्यात तपासणी करून मान्यता द्यायला परदेशातली माणसं यायची होती. फोन मात्र अजून नंदाच करायची.

फक्त मालवणला नाही.

आई गेली तेव्हा योगेश शाळेत होता. नंदाने त्याला इथे आणलं, वाढवलं. संभाजीने त्याला पाण्यात उतरवलं. पुढे मालवणचं केंद्र त्याच्या हाती दिलं, तेव्हा नंदाने त्याच्या पहिल्याच विद्यार्थ्याला रिवाजाप्रमाणे फोन लावला. "ताई, सख्ख्या भावाची झडती घेतेस?" एवढं म्हणून योगेशने बोलणं टाकलं. भाऊबीजेलाही आला नाही. त्यानंतर तिने त्याच्या विद्यार्थ्यांना विचारणंच सोडून दिलं.

"माझं ऐका," पूर्वा म्हणाली. "मामाला ताकीद द्या आणि विषय मिटवा. ती माणसं येऊन जाऊ देत, मग बघू. आत्ता त्याचं शिकवण्याचं कार्ड रद्द केलं तर कारण सांगावं लागेल."

संभाजी नंदाकडे बघत होता. "दुसरा कुणी असता तर मी विचारायला थांबलो नसतो."

"मग आता का थांबलाय?"

"तुझा भाऊ आहे."

"आणि संपत तुमचा मित्र होता."

तिने फोन उचलला आणि गॅलरीत गेली. वल्लरीचा आवाज बसलेला होता.

"काढला होता ना मास्क, काकू. उथळ बाजूला. पाणी छातीपर्यंत होतं. सर म्हणाले, वाक, काढ, घाल, उभी राहा. सगळ्यांनी तसंच केलं."

"सगळ्यांनी?"

"हो. बोट खोळंबली होती ना. काकू, माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही, बाळा."

ती आत आली तेव्हा योगेश उभाच होता. तिच्या तोंडाकडे बघून त्याचा आवाज उतरला. "सीझन होता, ताई. पर्यटकांची रांग लागलेली. सगळीकडे असंच चालतं. तू फोन करशील असं वाटलं असतं, तर..."

तेवढंच नंदाला लागलं. ती खुर्चीवर बसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

"योगेशचं कार्ड आजपासून रद्द," ती म्हणाली. "त्याने पास केलेल्या एकेकाला मी फोन करणार. तळाशी मास्क न काढलेले सगळे परत तलावात येतील. तपासणीच्या माणसांना हे आपणच सांगायचं, पूर्वा. मी फोन केले नाहीत, तेही सांगायचं."

"आई, मान्यता हातची जाईल."

"जाऊ दे. योगेश, तू परत जायचं नाहीस. इथे राहा. नव्या तुकडीबरोबर ह्यांच्यापुढे पहिल्यापासून सगळं कर. झालं की तुलाही मी फोन करीन. मालवण तोवर बंद."