दोन डाव्या बाह्या

आमचे हे कोटांचे कटिंग मास्तर. चाळीस वर्षांत माझ्याशी जेवढं बोलले, तेवढं एका पोस्टकार्डावर मावेल. ‘हं’ आणि ‘बघू’ या दोन शब्दांवर या माणसाने संसार रेटला! बाकीचं बोलणं माझ्याकडे. दुकानात मी काजं-बटणं करते, आणि तोंडाचा पट्टा चालूच असतो.

पाच वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन निघाला. हातांची थरथर गोळ्यांनी बऱ्यापैकी आवरली. पण गेल्या वर्षी वेगळंच सुरू झालं. मापं घ्यायची आणि वहीत लिहायची राहून जायची. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला हात घालायचे. आणि एक दिवस बँकेतल्या साहेबांच्या कोटाला चक्क दोन डाव्या बाह्या कापल्या. कापड एकेरी अंथरलेलं. एक बाही कापल्यावर पुठ्ठ्याचा फर्मा उलटा ठेवायचा, तो यांनी तसाच पुन्हा ठेवला. पहिल्या महिन्यातला शिकाऊ करतो ती चूक! मला हसू फुटलं. ते हसले नाहीत. कात्री खुंटीला अडकवून पायरीवर जाऊन बसले. मला माझीच लाज वाटली.

मुलगी म्हणाली, “आई, दुकान बंद करू या. बाबांना झेपत नाही आता.”

“दुकान बंद केलंस तर महिन्याभरात वाळून जाईल तो माणूस,” मी ओरडलेच तिच्यावर.

डॉक्टरांनी एका थेरपीवाल्या बाईंकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, “मास्तरांची अक्कल शाबूत आहे. लक्ष टिकवणं आणि कामाची आखणी, एवढंच जरा ढिलं पडलंय. आजार जाणार नाही, पण नव्या सवयी लावून बघू.”

बाई दुकानात येऊन तासभर बसल्या आणि नियम सांगितले; मुलगीही मुद्दाम आली होती. एका वेळी एकच काम. आधी मोठ्याने बोलायचं, मग हात लावायचा. कामांची यादी कार्डावर लिहून भिंतीला लावायची, एकेक झालं की त्यावर खूण. मग माझ्याकडे वळल्या. “आणि काकू, ते बेतत असताना तुम्ही गप्प बसायचं.”

“मी?”

“तुम्हीच. तुमच्या गप्पा ऐकत कापणं त्यांना आता जमत नाही.”

बाप-लेक दोघंही खो खो हसले. हसा लेकांनो, म्हटलं.

झालं, घरात उफराटा कारभार सुरू झाला. पहिले दोन दिवस हे पुटपुटायचे. तिसऱ्या दिवसापासून मात्र आवाज असा चढला की येणारे-जाणारे थबकायला लागले. “आता खडू घेतो. आता पाठ आखतो. आता चष्मा शोधतो. चष्मा डोक्यावर आहे.” मी तोंडाला पदर लावून बसायची. खरं सांगते, इतकी मजा मला लग्न झाल्यापासून कधी आली नव्हती.

मुलीला नवी नोकरी लागली. ती म्हणाली, “बाबा, पहिल्या दिवशीचा कोट तुम्ही करायचा. मापापासून बटणापर्यंत, कुणी काही न सांगता. नीट झाला तर दुकान बंद करायचं नाव काढणार नाही.”

“आणि नाही झाला तर?” मी विचारलं. तिने दुकानाच्या कुलपाकडे बोट दाखवलं.

पाठ झाली, पुढचे भाग झाले. डावी बाही कापली, तेवढ्यात फोन वाजला. फोन ठेवून परत आले, खूण करायला विसरले, आणि फर्मा पुन्हा ठेवला. तसाच! सांगावं तर पैज गेली, न सांगावं तर कापड गेलं. मी मापाची टेप दातांत घट्ट धरली.

त्यांनी कात्री उघडली. सवयीने बोलले, “आता उजवी बाही...” आणि थांबले. कार्डाकडे बघितलं, फर्म्याकडे बघितलं. “डावी झाली, तिची खूण राहिली. उजवी कापायची, मग हा असा का?” खूण केली. फर्मा उलटला. “आता उजवी कापतो.” आणि कापली. माझ्या डोळ्यांना धार लागली, पण आवाज काढला नाही, हो!

रविवारी मुलीने कोट घातला, दोन्ही हात वर करून दुकानभर गिरकी घेतली. “बाबा, सोमवारी वेळेवर दुकान उघडा!” असं म्हणून बापाच्या गळ्यातच पडली.

हे कार्डापाशी गेले. खाली, त्यांच्याच वाकड्यातिकड्या अक्षरात एक जादा ओळ होती, ती मी आजवर वाचलीच नव्हती. त्यांनी ती मोठ्याने वाचली, “आता हिला विचारतो.” मग माझ्याकडे वळले. “कसा झालाय गं?”

चाळीस वर्षांत हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. आणि मी, अख्ख्या गल्लीला बोलण्यात हरवणारी...

“हं,” मी म्हटलं.