पूतनेला काय हवं होतं

पूतनेला मी सुळे लावले होते. करवंटीचे, चांगले बोटभर. शिवाय लाल फडक्याची लोंबती जीभ. एवढी अक्कल एका पोरीत मावते कशी, याचंच तेव्हा मला नवल वाटायचं! गेल्या महिन्यात दत्तूदादा गेल्याचा निरोप आला आणि आधी आठवले ते हे सुळे... रडायचं सोडून हसतच बसले. सुनेला वाटलं, सासूचं काहीतरी बिनसलं.

दत्तूदादा माझा मामेभाऊ. रेवदंड्याला देवळाच्या उत्सवात शेवटच्या पहाटे लळीत व्हायचं, सोंगं नाचायची. त्यांचे कागदाच्या लगद्याचे मुखवटे दादा करायचा. एकोणीसशे तीस साल नुकतंच उलटलं होतं. मी परकरी पोर, लगदा कालवता कालवता हट्टानं पूतनेचा मुखवटा करायला मागून घेतला. धुक्यात ती यशोदेपुढे उभी राहिली, लाडिकपणे म्हणाली, "बाळाला जरा घेऊ का?" तोच मागून एक म्हातारी ओरडली, "अगो यशोदे, देऊं नको गो! सुलं बघ तिचं!" देऊळ हसून लोळलं. लळीत तिथंच बसलं.

पंचांनी ठरवलं, पोरीच्या हाती पुन्हा मुखवटा द्यायचा नाही. दादानं एका वर्षाची मुदत मागितली. म्हणाला, "पुढल्या साली तिची पूतना मी नाचवनार. हसं झालं तर दोघांचं." मग माझ्याकडे वळून, "सुलं, शिंगं मागाहून. आदी सांग, तिला काय हवंय? ज्याला काय नको, त्याचं सोंग कोन बघनार?"

नवी सोंगं घडवू पाहणाऱ्या पोरांना माझ्याकडे देण्यासारखं आहे ते एवढंच.

पूतनेला मूल हवं होतं. तसा चेहरा शोधत मी विहिरीवर, बंदरावर, वाळत्या मासळीपाशी हिंडले. सांजेला खाडी आणि आभाळ एकच होई, त्यात बायकांचे चेहरे तरंगत येत नि विरून जात... आणि हवा तो चेहरा घरातच निघाला. दादाचं तान्हं त्याच पावसाळ्यात गेलं होतं. तो त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. पण शेजारचं पोर अंगणात रांगत आलं की त्याची कुंचली हवेतच थांबायची. हाक नाही, हसू नाही, नुसतं बघणं.

ते डोळे मी रंगवले. कुणालाही सांगितलं नाही.

पुढल्या लळिताच्या पहाटे पूतना आली. "बाळाला जरा घेऊ का?" कुणी हसलं नाही. यशोदेच्या मांडीवरच्या खऱ्या बाळानं दोन्ही हात पसरले. दादानं त्याला उचललं आणि पुढचं सगळं विसरला... मृदंग थांबला, समुद्र तेवढा ऐकू येत राहिला. शेवटी यशोदेनंच हळूच पोर सोडवून घेतलं.

देवळामागे त्यानं मुखवटा उतरवला, दोन्ही हातांत धरून बघत राहिला. मग म्हणाला,

"कमले, पोर हातात आलं तवा मी सोंगात नव्हतो गो. हे डोलं कोनाचं, ते मला ठाव हाय. पुढल्या साली पन हेच ऱ्हाऊं दे."