नाकाडोंगरीच्या पुढची धावपट्टी आणि माझा डावा पाय

विमान शिकणारं माणूस हवेत जेवढं असतं, त्याच्या कितीतरी पट वेळ जमिनीवर बसलेलं असतं. वारा पडायची वाट, धुकं उठायची वाट, धावपट्टीवरच्या म्हशी निघायची वाट. भंडारा जिल्ह्यात नाकाडोंगरी गावाच्या पुढं एक पट्टी, एक विमान, चार माणसं आणि एक मोहाचं झाड, एवढंच असल्यावर बोलण्याशिवाय करणार काय? वर्षभरात आमच्याकडे इतके किस्से साचलेत की नवं कोणी आलं तर आधी कोणता सांगायचा यावरूनच वाद होतो. म्हणून मीच एकदाचे लिहून टाकते. मला तसंही थांबता येत नाही.

आधी माणसं सांगते. रामटेके सर शिकवतात. हवाई दलातून निवृत्त झाले, आता चपला घालून धावपट्टीवर फिरतात, विमानात बसतानाच बूट घालतात. ईश्वरभाऊ मेकॅनिक. आधी धान कापायचे हार्वेस्टर दुरुस्त करायचे, मग हे शिकले. शेवंताबाई राखणदार. धावपट्टीवर गुरं येऊ द्यायची नाहीत हे त्यांचं काम आणि त्यातली निम्मी गुरं त्यांचीच.

चौथी मी, प्रज्ञा. मोहाडीची. नागपूरला इंजिनिअरिंग केलं. सतरा वर्षांची असताना रेतीच्या टिप्परनं स्कूटी उडवली आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. तिथे आता नकली पाय आहे.

विमानात पायांखाली दोन पेडल असतात. डावं दाबलं की नाक डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे. म्हणजे माझी सगळी अडचण त्या एका पेडलवर उभी होती. आणि मला पाहिजे होतं सोलो. सर शेजारी नसताना, एकटीनं उडणं. त्यासाठी वरच्या ऑफिसचा कागद लागत होता आणि तो कागद येत नव्हता. हे सगळे किस्से त्या वाट पाहण्यातले आहेत.

*

पहिल्या दिवशी मी तयारीनं गेले. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा, नियमांच्या प्रती, परदेशात कोण कोण एका पायानं उडतं त्यांची माहिती, असं सगळं छापून जाडजूड फाइल केली होती. नाही म्हणतील, मग मी भांडेन, असा हिशेब होता. एसटीत भाषणाची दोनदा उजळणीही केली.

सरांनी मोहाच्या झाडाखाली बसून पूर्ण ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलले नाहीत. भांडायला आलेल्या माणसासाठी याहून वाईट काही नसतं.

मग म्हणाले, "झालं? चाल, चढ."

मी चढले. माझी उंची बेताची आहे. समोर फक्त काचेची खालची पट्टी आणि वेग-उंचीची घड्याळं दिसत होती.

सरांनी बाहेरून वाकून पाहिलं. "समोरचं दिसते का?"

"नाही, सर."

"ते फाइल आण इकडं. जाड आहे, खाली घे."

त्या दिवसापासून मी माझ्या सगळ्या हक्कांवर बसून उडते.

*

नकली पायाला पेडल जाणवत नाही. आपण दाबतोय ते कळतं, किती दाबतोय ते कळत नाही. दुसऱ्याच आठवड्यात जमिनीवरून विमान नेताना माझा बूट पेडलच्या मागे सरकला आणि आम्ही धावपट्टी सोडून गवतात गेलो. सरांनी विमान थांबवलं, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "आता जिथं आलो तिथली झाडं पाहून घे."

ईश्वरभाऊंनी पेडलच्या कडेला एक पट्टी बसवली, म्हणजे बूट घसरणार नाही. मग त्यांनी माझा पाय मागितला. उलटसुलट करून पाहिला. घोट्याचा बोल्ट सैल होता. त्यांनी तो कसला आणि वरून बारीक तार पिळून बांधली. विमानातला कुठलाही महत्त्वाचा बोल्ट असा तारेनं बांधतात, थरथरीनं सुटू नये म्हणून.

इथवर ठीक होतं. पण ईश्वरभाऊंचा एक नियम आहे. पाना लावला की लॉगबुकात नोंद. मग तो पाना कशालाही लावलेला असो.

वर्षातून एकदा विमान तपासायला नागपूरहून इंजिनिअर येतात. ते लॉगबुक वाचत होते. एका ओळीवर थांबले. मोठ्यानं वाचलं, "डावा पाय. घोट्याचा बोल्ट सैल आढळला. कसला. तार लावली."

पानं मागेपुढे केली. म्हणाले, "हा भाग विमानात कुठे बसवलेला आहे? मला दाखवा."

ईश्वरभाऊ म्हणाले, "आज नाही दाखवता येणार साहेब. तो भाग मोहाडीवरून एसटीनं येते. मंगळवार आन् शनिवार."

*

शेवंताबाईंचं एकच वाक्य सांगते. एकदा उड्डाण छान झालं, उतरणंही बरं झालं. मी ऐटीत विमानातून उतरले आणि दहा पावलांवर ढेकळात पाय अडकून तोंडावर आपटले.

सर धावले, ईश्वरभाऊ धावले. शेवंताबाई जागच्या हलल्या नाहीत. काठीवर हनुवटी टेकून म्हणाल्या, "वर बरी उडतेस वो पोरी, खालीच कायले पडतेस?"



*

मला दोन प्रकारचे कागद लागतात. एका कागदावर माझा पाय किती गेला ते लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर किती उरला ते. पहिला एसटीच्या सवलतीसाठी, दुसरा विमानासाठी. एकाच माणसाच्या एकाच पायाबद्दल दोन डॉक्टरांनी दोन टोकांची खात्री करून द्यायची. हे मी कुठेही बोलायला लागले की बाबा म्हणतात, "तहसिलीत मी हेच करतो बाई दिवसभर. तू भाषण नको देऊ, झेरॉक्स काढ."

एकदा दोन्ही तपासण्या एकाच दिवशी आल्या. भंडाऱ्यात सकाळी सवलतीचा डॉक्टर, दुपारी विमानाचा. रोज पाय चांगला असल्याचं सिद्ध करायची सवय लागलेली. सकाळच्या डॉक्टरांनी चालून दाखवा म्हटलं तर मी चालले, वळले, त्यांनी न सांगता एका पायावर उभीही राहिले. त्यांनी चष्मा काढला. "मग तुमची अडचण नेमकी काय आहे?"

दुपारपर्यंत इकडून तिकडे फिरून, नकली पायात घासून उरलेल्या पायाची सालटी निघाली होती. दुसऱ्या डॉक्टरांसमोर मी अक्षरशः भिंत धरून चालले. ते कळवळले. म्हणाले, "बस, बस. सवलतीचा कागद पाहिजे ना? लगेच देतो."

"नाही, सर. विमान चालवायचंय."

त्यांनी उचललेलं पेन परत खाली ठेवलं. मग त्यांनी लिहिलं की निर्णय प्रत्यक्ष उड्डाण पाहून घ्यावा. माझा कागद अडकला तो इथे. त्यात चूक कुणाचीच नव्हती, माझ्या सकाळच्या कवायतीची सोडली तर.

*

आईला विमान या प्रकरणावर विश्वास नव्हता. "तू खरंच जातेस का तिथं?" असं ती दर शनिवारी विचारायची. शेवटी मी सरांना विचारलं, एकदा मोहाडीवरून जाऊ या का? सर म्हणाले, "जाऊ. पण घर कसं ओळखशील? वरून सगळे स्लॅब सारखेच दिसतात."

मी आईला फोन केला. सकाळी आठ वाजता स्लॅबवर लाल ब्लँकेट वाळत घाल म्हटलं. ती बरं म्हणाली.

आम्ही निघालो. खाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांधांनी आखलेली खाचरं, मधून मधून तलाव, मग रेल्वेचे रूळ आणि मग मोहाडी. मी खाली पाहिलं. आमच्या आळीत प्रत्येक स्लॅबवर लाल काहीतरी पसरलेलं होतं. लुगडी, चादरी, एका ठिकाणी तर सतरंजी.

सर म्हणाले, "तुमच्या आळीत लग्न आहे का?"

नंतर कळलं ते असं. बाजूच्या काकूंनी आईला विचारलं, ब्लँकेट काहून वाळू घालून राहिली? आईनं खरं ते सांगितलं. काकू म्हणाल्या, "मंग पोरीनं आमचं घर काहून नाही पाहायचं? लहानपणी आमच्याच घरी जेवे ते." तासाभरात आळीभर पसरलं. कोणालाच आपलं घर वरून सुटलेलं चालणार नव्हतं.

मी दोन चकरा मारल्या, हात हलवला. संध्याकाळी घरी पोचले तर आई खूश. म्हणाली, "पाहिलं मी. तू आपल्याच घराकडं हात केला."

बाजूच्या काकूही तेच म्हणत होत्या.

*

मग सत्कार. एका मंडळाला माझा पत्ता लागला. पत्रिकेवर छापलं, 'जिल्ह्याची आकाशकन्या'. मी फोन करून सांगितलं की अजून सोलो झालेलं नाही, झाल्यावर करा. ते म्हणाले, "मॅडम, मंडप बुक झाला आहे."

बाबा म्हणाले जा, म्हणून गेले. स्टेज माझ्या खांद्याएवढं उंच. चढायला लाकडी पेट्या एकावर एक ठेवलेल्या, धरायला काही नाही. दोन कार्यकर्त्यांनी मला दोन्ही बाजूंनी उचललं आणि वर ठेवलं. मी म्हटलं, कठडा लावला असता तर मी आपली आपण चढले असते. ते म्हणाले, पुढच्या वेळेस नक्की.

सूत्रसंचालक माइकवर म्हणाले, "पाय नसताना जिनं आकाशात झेप घेतली..." समोरचा सगळा मंडप माझ्या पायांकडे पाहायला लागला. दोन बूट, दोन मोजे, फुल पँट. पहिल्या रांगेतल्या एक आजीबाई शेजारणीला म्हणाल्या, आणि माइक जवळ असल्यामुळे सगळ्यांनी ऐकलं, "आहेत नं वो दोन्ही. मोजून पाहा."

शाल मिळाली. ती आता ईश्वरभाऊ विमानाच्या पुढच्या काचेवर टाकतात, ऊन लागू नये म्हणून.

*

आणि शेवटी वरच्या ऑफिसचे ते साहेब आले, ज्यांच्या सहीवर माझं सोलो अडलेलं होतं. ते माझ्याबरोबर उडणार, पाय नीट चालतो की नाही पाहणार आणि जे लिहितील ते अंतिम. 'नाही' असं लिहिलं तर विषय संपला.

आदल्या दिवशी त्यांचा सरांना फोन आला. "फाइल मी उघडलेली नाही. मुलीचा कोणता पाय ते मला सांगू नका. मी येण्याआधी तिला विमानात बसवून ठेवा, चालताना मला दिसायला नको. आधी कळलं तर मी तोच पाय पाहत बसेन आणि तो मला वाईटच दिसेल. उतरल्यावर मी सांगतो कोणता ते."

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाच्या नियमाशी भांडावंसं वाटलं नाही.

साहेब आले, शेजारी बसले, नमस्कार केला. तीन वेळा उडालो, तीन वेळा उतरलो. बाजूचा वारा होता. एकदा त्यांनी न सांगता इंजिन हळू केलं आणि म्हणाले, आता कुठे उतराल? मी एक मोकळी बांधी दाखवली. त्यांनी मान हलवली. बाकी सगळा वेळ ते खाली पाहत होते, माझ्या बुटांकडे.

तिसऱ्यांदा उतरलो. मी इंजिन बंद केलं. सर, ईश्वरभाऊ, शेवंताबाई, तिघंही जवळ आले. त्या दिवशी पट्टीवर म्हशीसुद्धा नव्हत्या.

साहेब खाली उतरले, दारातून वाकले आणि बोट दाखवलं.

"हा. उजवा. दाबताना जास्त दाबता, सोडताना उशिरा सोडता. वाऱ्यात हे दिसतं. डावा पाय बघा तुमचा, किती हलका चालतो. तसा याला चालवा."

ईश्वरभाऊ आभाळाकडे पाहायला लागले. सरांनी चपलेनं एक खडा सरकवला. मी गप्प बसले असते तर काय झालं असतं, हे माझ्याही मनात आलं. खोटं कशाला सांगू?

मी डावी पँट गुडघ्यापर्यंत वर केली.

साहेबांनी पाहिलं. वाकून, बोटानं नळीवर टकटक करून पाहिलं. मग उजव्या बुटाकडे पाहिलं.

"मग हा?"

"तो जन्मापासूनचा आहे, सर."

 साहेब पंखाच्या सावलीत गेले, एक पाय चाकावर ठेवून कागद मांडीवर घेतला आणि उभ्या उभ्याच बराच वेळ लिहीत राहिले. सही केली, कागद सरांच्या हातात दिला आणि झाडाखाली जाऊन शेवंताबाईंना पाणी मागितलं.

सरांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग मला वाचून दाखवला.

"एकटीने उडण्यास हरकत नाही. उजव्या पायाचा सराव आवश्यक."

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. आत वाकून शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा घट्ट बांधला, हवेत लोंबू नये म्हणून. दार बाहेरून लावलं आणि काचेवर दोनदा हात मारला.

"जाय. उजव्या पायाचा सराव करून ये."