दुधाच्या नळीतलं पेट्रोल

त्या जीपमधल्या पेट्रोलचा वास अजून माझ्या नाकात आहे, आणि आठवलं की हसूही आवरत नाही. संगमनेर भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच एक दूधवाला शेतकरी पारदर्शक नळीचा तुकडा नाचवत आत शिरला.

"साहेब, माज्या चुलतभावानं जीपची पेट्रोलची नळी कापली! खुनाचा प्रयत्न लिवा!"

गड्यानं जुन्या जीपला मोठं इंजिन, रुंद टायर आणि कान फाटेल असा भोंगा बसवला होता, तोही स्वतःच्या हातानं. रविवारी लेकीचं लग्न. तिला ह्याच जीपमधून कार्यालयात नेणार, असं गावभर सांगून झालं होतं. चुलतभावाला जीपखाली शिरताना शेजाऱ्यानं पाहिलं होतं. थोरल्या लेकीच्या लग्नात चुलतभावाला फेटा बांधायचा राहून गेला, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

कारण मिळालं, साक्षीदार मिळाला. स्टेशन डायरीत नोंद करून मी चुलतभावाला बोलावलं आणि आवाज चढवला, "जीपखाली शिरला होतास का?"

"व्हय, गेल्तो."

एवढ्या लवकर कबुली आली की मलाच शंका यायला लागते. "कशाला?"

"जाताना वास आला. बघितलं तर पेट्रोल ठिबकतंय. टाकीचा कॉक बंद केला आन् आलो. माजी पुतणी बसनार हाय त्यात."

"मग भावाला सांगायचं नाही?"

"आमी बोलत न्हाई."

मी डोक्याला हात लावला. पंचनाम्याला मेकॅनिक सोबत घेतला. तो म्हणाला, ब्लेडची खूण नाही, नळी तडकलीय. मी फिर्यादीला विचारलं, "ही नळी आणली कुठून?"

त्याची छाती फुगली. "गाईचं दूध काढायच्या मशीनची हाय! एक नंबर माल. लेकराबाळांचं दूध जातं हिच्यातनं, पेट्रोलनं काय हुतंय?"

मेकॅनिकनं उरलेली नळी जराशी वाकवली. ती आमच्यादेखत आणखी एका जागी कटकन तुटली.

"पेट्रोलनं ही कडक होते, साहेब. पेट्रोलसाठीच बनवलेली रबरी नळी लागते, तिच्यावर तसं छापलेलं असतं. ह्यांनी क्लिपच्या जागी तार पिळलीय, आणि नळी नेलीय तापत्या सायलेन्सरला चिकटवून. वर सीट कुणाची?"

"पोरीची," फिर्यादी म्हणाला.

"घ्या, आरोपी सापडला," मी म्हणालो. "तुमचंच नाव लिहू का?" पण तो रडायला लागला होता, आणि खरं सांगतो, मी पेन खिशात ठेवलं.

तक्रार त्यानं मागं घेतली. नळी मेकॅनिकनं बदलली. त्या दिवसापासून संशयिताला दरडावण्याआधी मी फिर्यादीची कारागिरी बघायला लागलो. बरेच गुन्हे तिथंच निकाली निघाले.

रविवारी मला आमंत्रण होतं. निघायच्या वेळी चुलतभावाला पहिला फेटा नवरीच्या बापानं बांधला. चुलतभाऊ फेट्यासकट सगळ्या पाहुण्यांसमोर जीपखाली सरपटत गेला, बराच वेळ वास घेत राहिला आणि धुळीनं माखून बाहेर आला. कितीतरी वर्षांनी तो भावाशी बोलला.

"बसव पोरीला."