मुद्दाम ठेवलेली चूक

नव्या इंजिनिअरांना शिकवायची माझी एक पद्धत होती आणि मला तिचा अभिमान होता. कोणी नवीन ऑफिसात आलं की मी त्याला नकाशे तपासायला द्यायचो आणि प्रत्येक नकाशात एक चूक मुद्दाम ठेवायचो. कुठे कॉलमची सळई बारीक, कुठे जिन्याला एक पायरी जास्त. सापडली तर माझ्याकडून चहा, नाही सापडली तर चार शब्द ऐकायचे. नकाशा साइटवर जाण्याआधी मी ती चूक काढून टाकायचो, हे वेगळं सांगायला नको.

भोरच्या बाजारपेठेत वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं माझं ऑफिस आहे. इमारतींची डिझाइनं करता करता केस पांढरे झाले, आणि स्वभाव तर आधीपासूनच संशयी. ठेकेदाराने वाळूचा नमुना पुडीत बांधून आणला तर मी साइटवर जाऊन ढिगाच्या तळाची वाळू उकरून बघतो. बायको म्हणते, "तुम्ही देवळातल्या तीर्थालाही विचाराल, पाणी कुठल्या टाकीतलं म्हणून." तिचं काही खोटं नाही. पूर्वी एका पोराने माझेच नकाशे नाव बदलून बाहेर खपवले होते. तेव्हापासून कपाटाची किल्ली माझ्या खिशात असते.

गेल्या वर्षी उत्रोलीची एक मुलगी कामाला लागली. शेतकऱ्याच्या घरची, पुण्यात शिकलेली, बोलायला कमी. मी ठेवलेली चूक तिला अर्ध्या दिवसात सापडायची. दुसरा कोणी खूश झाला असता. मला वाटलं, ही माझ्या मूळ फाइली उघडून बघत असणार. मी कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला. तरी सापडायच्या. मग तर माझा संशय आणखीच वाढला, कारण एवढं सरळ माणूस मी फारसं बघितलेलं नाही.

त्याच सुमारास वेल्ह्यात एका निवृत्त एसटी कंडक्टरच्या घरावर दुसरा मजला चढत होता. रस्त्याच्या अंगाला पाच फूट पुढे येणारी गॅलरी बांधायची होती. जत्रेत देवीची पालखी त्यांच्या दारावरून जाते, ती सगळ्या पाहुण्यांना वरून दिसावी, एवढीच त्या माणसाची हौस. "निदान तीस मानूस उभं ऱ्हायलं पायजे, सायेब," असं त्यांनी मला दोनदा बजावलं होतं. स्लॅबचा मुहूर्त गुरुवारचा काढला होता आणि जेवणाचं आवतण साऱ्या आळीला गेलं होतं.

त्या आठवड्यात मुलीचं वागणं बदललं. फोन आला की जिन्यात जाऊन हळू बोलायची. एकदा तिच्या मोबाईलवर मला त्याच कामाच्या ठेकेदाराचं नाव दिसलं. गॅलरीच्या नकाशाची प्रत घडी करून तिने पर्समध्ये टाकली, तेही मी काचेतून बघितलं. मंगळवारी म्हणाली, "सर, उद्या सुट्टी हवी होती. घरी काम आहे." मी दिली. बुधवारी सकाळी ठेकेदाराला सहज म्हणून फोन लावला.

"मॅडम आल्यात की हितं," तो म्हणाला. "तुमीच धाडलंय न्हवं?"

मी गाडी काढली. नसरापूरवरून वेल्ह्याला जाईपर्यंत माझ्या डोक्यात सगळा खटला चालवून झाला होता. माझे नकाशे घेऊन ही ठेकेदाराबरोबर स्वतःची कामं सुरू करणार. गोड बोलून आमच्याच घरात सुरुंग. तिला काय काय सुनवायचं, ती वाक्यंसुद्धा तयार होती.

ती वर सेंट्रिंगच्या फळ्यांवर उभी होती, ओढणी कमरेला खोचलेली. दोन कामगार गॅलरीच्या सळया सोडून परत बांधत होते. घरमालक खालून बघत होते. मला बघून म्हणाले, "बाईंनी सकाळपासनं समदं सोडाया लावलंय. म्या म्हनलं, सायेबांनीच सांगितलं आसंल."

मी वर चढलो. "तुला कोणी पाठवलं इथे?" आवाज चढलेलाच होता. तिने पर्समधून नकाशा काढला आणि माझ्यासमोर उलगडला.

पुढे आलेल्या गॅलरीला मुख्य सळई वरच्या अंगाला लागते, कारण ओझ्याने ताण वरच्या बाजूला येतो. माझ्या नकाशात ती खालच्या अंगाला दाखवली होती. टेकू काढल्यावर ती गॅलरी टिकली नसती, आणि टिकली असतीच तर जत्रेत माणसांसकट खाली आली असती.

"मला हे सोमवारी दिसलं," ती म्हणाली. "वाटलं, नेहमीसारखं तुम्ही ठेवलं असेल, काढाल. पण ठेकेदार म्हणाला, हाच कागद घेऊन काम चाललंय. दोन दिवस मी त्याला थांबायला सांगत होते, तो ऐकेना. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, आधी साइटवर जाऊन बघितलंस का." मग तिने विचारलं, "सर, हे मुद्दामच होतं ना?"

मुद्दाम नव्हतं. मी तो नकाशा घाईत काढला होता, तपासला नव्हता, आणि ठेकेदार दारात आला म्हणून तसाच हातात दिला होता. पण ठेकेदार मागे उभा होता, घरमालक खालून कान देऊन ऐकत होते.

"हो," मी म्हणालो. "बघत होतो, तू कुठपर्यंत येतेस ते."

संध्याकाळपर्यंत थांबून तिने एकेक सळई वर बांधून घेतली. गुरुवारी नारळ फुटला, स्लॅब ओतून झाला, मी जिलबी खाल्ली. ती जेवायला थांबली नाही.

सोमवारी तिने राजीनामा टेबलावर ठेवला. कारण विचारलं तर म्हणाली, "सर, तुमची चूक झाली असती तर मी इथेच राहिले असते. चूक कोणाचीही होते. पण जिथे माणसं उभी राहणार, तिथे तुम्ही माझी परीक्षा घेतलीत."

मला स्वतःची लाज वाटली. मग मी सांगून टाकलं. ती चूक होती, माझीच होती, मला दिसलीच नव्हती, तू नसतीस तर स्लॅब तसाच ओतला गेला असता.

तिने विचारलं, "मी थांबावं म्हणून म्हणताय का?"

"नाही. खरं आहे ते."

"कशावरून, सर?"

मी नकाशा पुढे ओढला. त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. मी ठेवलेली चूक आणि माझ्या हातून झालेली चूक कागदावर सारखीच दिसते.

"येते," म्हणून ती जिना उतरून गेली. ती मला माणसांच्या जिवावर परीक्षा घेणारा समजून गेली की चूक झाकायला खोटं बोललेला, हे मला आजही माहीत नाही. दोन्ही तिने माझ्याच तोंडून ऐकलं होतं.