लाल दिव्याची वायर

माझ्या बायकोलासुद्धा हे ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट सांगता येणार नाही. तुम्ही माझ्या बहिणीला ओळखत नाही—एवढंच एक कारण असेल.

अकोल्यात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. गाडी दारात उभी राहिली की बसल्या जागेवरून दोष सांगायचा, ही माझी जुनी खोड. चार गिऱ्हाइकं बघत असली तर विचारूच नका. बहुतेक वेळा बरोबरही निघायचं. म्हणून तर खोड वाढली ना?

धाकटी बहीण मंगला हिवरखेडला दिलेली. त्या दिवशी ती, तिचा नवरा म्हणजे आमचे जावई, आणि तिची सासू त्यांच्या गाडीनं अमरावतीला निघाले होते. सासूचे डोळे दाखवायचे होते, डॉक्टरांनी बाराची वेळ दिली होती. वाटेत माझ्या दुकानी थांबले. दार लावलं तरी समोर डॅशबोर्डवरचा, दार उघडं असल्याचा लाल दिवा विझत नाही, अशी जावयांची तक्रार. मी खुर्चीतूनच बोलून मोकळा झालो, "स्विच गेला, जवाईबापू. काळ्या मातीची धूळ बसते न त्यात. पाच मिनिटाचं काम हाय."

साधी गोष्ट असते हो. दार उघडलं की चौकटीतली एक छोटी पिन बाहेर येते आणि दिवा लागतो. दार पूर्ण बसलं की पिन दाबली जाते, दिवा विझतो. मागचं डावं दार उघडून मी ती पिन अंगठ्यानं दाबली. दिवा विझला. सोडली—लागला. पुन्हा दाबली, पुन्हा विझला. चार-पाच वेळा करून पाहिलं. स्विचला काहीही झालेलं नव्हतं. दारच बिजागरीतून खाली उतरलं होतं. ते वरवर अडकत होतं, पूर्ण बसत नव्हतं. दिवा खरं तेच सांगत होता.

हे मला तेव्हाच कळलं. नंतर नाही—तेव्हाच, अंगठा पिनेवर असताना.

मग बोललो का नाही? बिजागरी उचलायची तर तासभर मोडला असता, आणि जावई सारखे घड्याळ बघत होते. आमच्याकडे जावयाला असं ताटकळत ठेवत नाहीत... पण जाऊ द्या, जावयाचा मान मी उगाच मध्ये आणतोय. गिऱ्हाइकांसमोर "स्विच गेला" म्हणून बसलो होतो. 'माझं चुकलं' म्हणायला जीभ उचलली नाही.

मी स्क्रू काढला, स्विच बाहेर ओढला, मागची वायर उपसली, तिला टेप गुंडाळून आत ढकललं आणि स्विच होता तसा परत बसवला. दिवा विझला. सगळे खूश. संध्याकाळी परत येतील तेव्हा काहीतरी निमित्त काढून दार करून देऊ, असं मनात ठरवलं. वर मंगलाला सांगितलं, "आता लाईट विझला म्हंजे दार लागलं समज." हे बोलायची काय गरज होती मला? कोणी विचारलंही नव्हतं!

मूर्तिजापूरला ते चहाला थांबले. सासूला मागे डावीकडे बसवून मंगलानं तिच्या बाजूचं दार लावलं, पलीकडून येऊन स्वतः बसली आणि मी सांगितलं होतं म्हणून समोर पाहिलं. लाल दिवा नव्हता. पुढच्या एका वळणावर ते दार उघडलं आणि म्हातारी रस्त्यावर फेकली गेली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं सगळं.

मंगलाच्या सासरी एकच विषय—दार मंगलानं लावलं होतं. ती प्रत्येकाला सांगत होती, लाईट नव्हता, मी पाहिलं होतं. कोणी ऐकेना. तेरवीच्या दिवशी जावयांनी भरल्या घरात मला विचारलं, "भाऊ, तुमी यातले जाणकार. दार उघडं राह्यलं तं लाईट लागते का नाई?"

मंगला भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. कसं पाहिलं सांगू? सुटल्यासारखं. भाऊ आलाय, आता भाऊ सांगेल.

"लागते," मी म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी—नाही, तरी काय? पण थांबलो नाही. गाडी नीट करायला माझ्याकडेच आली. मी बिजागरी उचलली, दार सरळ केलं, टेप सोडली आणि वायर गुपचूप परत जोडली. गाडी न्यायला जावई मंगलाला घेऊन आले. त्यांनी मागचं दार अर्धवट लोटलं. समोर लाल दिवा लागला.

"पाह्य," ते तिला म्हणाले. "लागते का नाई?"

मंगला त्या दिव्याकडे पाहत राहिली. रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर कदाचित माझ्या तोंडून निघून गेलं असतं... कोण जाणे, नसतंही. ती हळूच म्हणाली, "लागला असन मंग. माह्यंच ध्यान नसन."

माझ्या बहिणीला मी माझ्या दुकानासमोर, भर दुपारी, खोटं ठरवलं. तेही असं, की तिचं तिलाच खोटं वाटलं.

याला आता तीन वर्षं झाली. घराला कोणीही कुलूप लावलं तरी ती परत येऊन ओढून बघते. गॅस बंद केला की पोरीला बघायला लावते. सासरी अजून तिला कोणी घराची चावी देत नाही, आणि ती मागतही नाही.

यंदा भाऊबिजेला आली. ओवाळलं, जेवली, निघताना गाडीत बसली. दार उघडंच. हात मांडीवर ठेवून ती थांबून राहिली. मी विचारलं, काय झालं?

"दादा, तूच लाव," ती म्हणाली. "तुया हातचं पक्कं असते."

मी दार लावलं.